फोन तिनेच करायचा

दिघाशीच्या केसरीनाथ भोईरला गावात कुणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. तीन म्हशी, थोडी भातशेती आणि एक जुनी मोटरसायकल एवढाच त्याचा पसारा. सकाळी दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून तो भिवंडीला जायचा आणि निजामपुऱ्यातल्या चहाच्या हॉटेलांना दूध घालायचा. तिथल्या गल्ल्यांत कापड विणणाऱ्या लूमची खडखड अशी की समोरासमोर उभी असलेली माणसंही हाताच्या खुणांनी बोलतात. केसरीनाथला ते बरं पडे. समोरच्याने दोन बोटं वर केली की दोन लिटर, पंजा हलवला की आज नको. हॉटेलवाले गमतीने म्हणायचे, "केसरीभाई का मुँह और कॅन का ढक्कन, दोनों टाइट!" तो हसायचा आणि किक मारायचा.

घरातलं बोलायचं खातं बायकोकडे होतं. पार्वती म्हशींशी बोलायची, चुलीशी बोलायची, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून त्याचं गाव विचारायची. भांडायचीही तीच. केसरीनाथने तिला उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. "अगो" म्हटलं की ती वळायची, आणि बरेचदा तो म्हणायच्या आधीच वळायची. एकुलती मुलगी रुचिका लग्न होऊन वाड्याकडे गेली, तेव्हा तो पार्वतीला म्हणाला होता, "आता घर शांत झाला." ती म्हणाली होती, "मी मेली का?"

घर एक, संसार दोन. अर्ध्या घरात केसरीनाथ, अर्ध्यात त्याचा थोरला भाऊ लडकू, भावजय चंद्रा आणि त्यांचा मुलगा मितेश. मधली भिंत पुरुषभर उंचीची. तिच्यावर कौलांपर्यंत सगळं मोकळं. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक यायची. चंद्रा आणि पार्वती दोघी अकलोलीच्या, एकाच आळीतल्या. चंद्रानेच आपल्या धाकट्या दिरासाठी पार्वतीला मागणी घातली होती. वज्रेश्वरीच्या जत्रेला दोघी मिळून जायच्या, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायच्या आणि दोन्ही नवऱ्यांची नक्कल करून हसायच्या. पार्वती तिला चंद्राबाय म्हणायची. जावा-जावा म्हणून त्यांना गावात कुणी ओळखतच नसे, सगळे बहिणीच समजत.

मग दोन हजार तीन सालची दिवाळी सरली आणि रस्त्याकडेच्या सामाईक जमिनीसाठी गोडाऊनवाल्यांच्या गाड्या यायला लागल्या. लडकूला जमीन द्यायची होती, पार्वतीला नको होती. केसरीनाथ नेहमीप्रमाणे गप्प. एका सकाळी तो निजामपुऱ्यात दूध घालत असताना लडकू मोजणीची माणसं घेऊन आला. पार्वती अंगणात मिरच्या कुटत होती, ती मुसळ हातात घेऊनच आडवी गेली. शब्दाला शब्द लागला. लडकूने तिचं मनगट धरून तिला ओढलं आणि तिने मुसळ घातलं. एकदाच. तो मागे कोसळला आणि ओट्याच्या दगडी कडेवर त्याचं डोकं आपटलं. ठाण्याच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी तो गेला.

पार्वतीने काही नाकारलं नाही. "मी मारला," असं तिने पोलिसांनाही सांगितलं आणि कोर्टालाही. जीव घ्यायचा इरादा नव्हता, पण जीव गेला हे खरं, असं ठरवून कोर्टाने तिला सात वर्षं दिली आणि तिची रवानगी पुण्याच्या जेलमध्ये झाली.

केसरीनाथने सकाळी भावाला खांदा दिला आणि दुपारी पोलीस स्टेशनात बायकोला भाकरी नेऊन दिली. भावकीला ही भाकरी सोसली नाही. त्या दिवसापासून घरोघरच्या कार्यांना सुपारी देऊन येणारं बोलावणं बंद झालं, लग्नाच्या पत्रिका यायच्या थांबल्या. रुचिकाच्या सासरच्यांनी कळवलं की आमच्या सुनेने आईचं नाव काढायचं नाही. चंद्रा तर त्याच्याशी एक शब्द बोलेना. मितेशने मधली भिंत कौलांपर्यंत चढवायला विटा आणून टाकल्या होत्या, पण चंद्राने काम होऊ दिलं नाही. "उजेड जाईल," एवढंच ती म्हणाली. विटा अंगणात पडून राहिल्या, त्यांच्यावर शेवाळ चढलं.

आता केसरीनाथला कळलं की आपल्याला शांतता आवडते असं जे आपण समजत होतो ते खोटं होतं. त्याला आवडायचं ते बायको बोलत असताना स्वतः गप्प बसणं. आता भाकरी तोच थापायचा. पहिली भाकरी कुणाला वाढायची हे न कळून ती पाटीत तशीच राहायची. एकदा म्हशीचं दूध काढताना तो मोठ्याने म्हणाला, "आज लय उकडतं, न्हाय?" म्हैस दचकून बाजूला झाली. तो बादली धरून तसाच बसून राहिला.

दोन-तीन महिन्यांनी तो पुण्याला जायचा. दूध एका दिवसासाठी कुणावर तरी सोपवायचं, पहाटेची एसटी धरायची, जेलच्या दाराशी रांगेत बसायचं आणि नाव पुकारलं की आत जायचं. आत जाळी. जाळीच्या अल्याड शेजारी शेजारी दहा-पंधरा माणसं, पल्याड तितक्याच बायका आणि सगळी एकदम ओरडणारी. तिथे पार्वती ओरडायची आणि केसरीनाथला तिचे फक्त ओठ दिसायचे. तो निजामपुऱ्यातल्या सवयीने हाताने खुणा करायचा. बरी हास? जेवतेस? ती मान हलवायची. परतीच्या एसटीत त्याला वाटायचं, चेहरा पाहिला, पण बाई भेटली नाही.

दोन हजार सात सालच्या एका मुलाकातीत ती जाळीला तोंड लावून ओरडली, "आता फोन करू देतात! तुमचा नंबर लिवून द्या!"

एवढं मात्र त्याला नीट ऐकू आलं.

दुसऱ्याच दिवशी दूध घालून झाल्यावर तो धम्मपाल वकिलाकडे गेला. पार्वतीची केस सरकारकडून याच तरुण वकिलाला मिळाली होती आणि त्याने ती मनापासून लढवली होती. निजामपुऱ्यात एका जिन्याखाली त्याचं ऑफिस होतं. बाजूच्या कारखान्याचा आवाज आत येऊ नये म्हणून दाराला गोधडी लावलेली.

"बसा काका," धम्मपाल म्हणाला. "मी चौकशी करून ठेवलीय. नियम समजून घ्या, कारण एखादा चुकला तर अर्ज परत येतो. पहिली गोष्ट, नंबर नातेवाइकाचा पाहिजे. तुम्ही नवरा, तो प्रश्न नाही. दुसरी, तो नंबर तुमच्याच नावावर पाहिजे, तसा कागद लागतो."

"फोन हाय ना आमच्या घरात," केसरीनाथ म्हणाला. "तारवाला. पलीकडच्या खोलीत."

"कुणाच्या नावावर?"

केसरीनाथने दाराच्या गोधडीकडे पाहिलं. "लडकूच्या."

धम्मपालने चष्मा काढून पुसला. "तो नको मग. स्वतःच्या नावावर नवीन घ्या. त्यानंतर आपलं पोलीस स्टेशन खात्री करतं, म्हणजे माणूस तिथेच राहतो का, नंबर त्याचाच का. तो रिपोर्ट पुण्याला गेला की साहेब मंजुरी देतात. मग महिन्यातून एक-दोनदा, पाच मिनिटं. शेजारी बाई शिपाई उभी राहून ऐकते. तिला समजेल अशा भाषेत बोलायचं. केसबद्दल काही बोलायचं नाही. आणि नंबर ज्याचा, त्यानेच बोलायचं. फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही."

केसरीनाथने एकेक गोष्ट बोटांवर घेतली. मग विचारलं, "आनि मना करायचा झाला तं? म्हंजे कवा वाटला, आता बोलावा, तं नंबर काय लावायचा?"

"नाही काका. तुम्ही नाही करायचा. फोन तिनेच करायचा. तुम्ही वाट बघायची."

त्याने नवीन फोन घेतला. घरात ठेवायचा, पण तार नसलेला, डब्यासारखा, वर काडीगत अँटेना. दिघाशीत त्याला रेंज एकाच ठिकाणी मिळायची, खिडकीच्या फळीवर, मधल्या भिंतीला लागून. केसरीनाथने तिथे कापड अंथरून फोन ठेवला आणि रोज संध्याकाळी तो उचलून आतला आवाज चालू आहे ना, हे ऐकायला लागला.

पोलीस स्टेशनातून हवालदार चांगदेव खात्री करायला आले. घाटावरचा, शांत माणूस. त्यांनी फोन पाहिला, रेशनकार्ड पाहिलं आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. आता दोन शेजाऱ्यांचे जबाब पाहिजेत, की तुम्ही इथेच राहता आणि त्या तुमच्या बायको. बोलवा कुणाला तरी."

केसरीनाथ चार घरं फिरून आला. एकाने दार उघडलं नाही, दुसऱ्याला अचानक शेतावर जायचं आठवलं. शेवटी गावाबाहेरच्या बुद्धवाड्यातला कोंडू, जो त्याच्याकडून दूध न्यायचा, तो चपला घालून मागोमाग आला आणि काही न विचारता सही करून गेला.

"एक झाला," हवालदार म्हणाले. "पण ते लांब राहतात. एक तरी लगतचा शेजारी पाहिजे हो."

केसरीनाथने मधल्या भिंतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "लगत जे हायेत ते न्हाय देनार, साहेब. र्‍हाऊ दे."

ओट्यावर मितेश उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो तिथूनच ओरडला, "तिचा फोन या घरात वाजता कामा नये! लिहून घ्या, आमची हरकत हाय!"

तेवढ्यात त्याच्या मागे चंद्रा आली. हाताला पीठ लागलेलं. तिने पोराला बाजूला केलं आणि केसरीनाथच्या दारात उंबऱ्याबाहेर उभी राहिली. इतक्या वर्षांत ती या दारात आली नव्हती.

"काय लिवायचा हाय?" तिने हवालदाराला विचारलं.

"हे इथे राहतात का, बाई?"

"हितंच र्‍हातात."

"आणि पार्वतीबाई यांच्या कोण?"

"बायको हाय त्यांची. मीच आनली व्हती करून. लिवा."

मितेश म्हणाला, "आये, तू काय करतेस कळतं का?"

"मना इचारला ते मी सांगितला. खोटा सांगू?" तिने पदराला हात पुसून कागदावर सही केली. केसरीनाथकडे तिने बघितलंही नाही. जाता जाता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वाजला का मना ऐकायला येतं. दार लावून घ्यावा त्यांनी, आनि हळू बोलावा."

रिपोर्ट गेला. पुढचे कित्येक आठवडे केसरीनाथने निजामपुऱ्यात एकही चहा घेतला नाही. दूध ओतायचं आणि निघायचं. फोन कुठल्या दिवशी येईल ते कुणी सांगत नव्हतं, पण दुपारच्या वेळेला येतो एवढं धम्मपालने विचारून दिलं होतं. दुपार झाली की तो खिडकीशी स्टूल टाकून बसायचा. अंबाडीचा दोर वळायचा, म्हशींच्या घंटा घासायचा. हात चालू, डोळे फोनवर. कधी तो वाजायचा आणि पलीकडून कुणीतरी विचारायचं, "सलीमभाई का कारखाना?" तो "न्हाय" म्हणून पटकन ठेवून द्यायचा, लाइन अडायला नको म्हणून.

आणि एका दुपारी पलीकडून अनोळखी बाईचा करडा आवाज आला, "पुण्याहून बोलतेय, जेलमधून. कोण आपण? पूर्ण नाव सांगा."

"केसरीनाथ... केसरीनाथ जानू भोईर."

"कैद्याचं नाव काय? नातं?"

नातं सांगणं सोपं होतं, पण नाव कधी जिभेवर आलं नव्हतं. भिंतीपलीकडे चंद्राच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पार्वती," तो म्हणाला. "पार्वती केसरीनाथ. बायको माझी."

काहीतरी खुडबुड झाली. मग तिचा श्वास ऐकू आला. जाळी नाही, गर्दी नाही, थेट कानात.

"अवो," ती म्हणाली.

"हां."

"नाव घेतला तुमी माझा. मी ऐकला."

इतके दिवस दोर वळताना त्याने मनात किती बोलून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य जागेवर सापडेना. तिकडची बाई म्हणाली, "बोला बोला, टाइम चालू आहे."

"थोरल्या म्हशीला रेडकू झाला," तो म्हणाला.

"पाडी का रेडा?"

"पाडी."

"कपालावर ठिपका हाय?"

"हाय."

"आयवर गेली," पार्वती म्हणाली आणि ती रडतेय का हसतेय ते त्याला कळलं नाही. मग ती बोलायला लागली. भाताचं विचारलं, रुचिकाचं विचारलं, तुळशीला पाणी कोण घालतं ते विचारलं. बोलता बोलता ती पार गावच्या बोलीत गेली, भरभर, आणि मधेच तो करडा आवाज आला, "बाई, नीट मराठीत बोला, मला कळलं पाहिजे." पार्वती थबकली आणि शाळेतल्या पोरीसारखी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्ही... जेवण... वेळेवर... करता का?" केसरीनाथला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. तो "हो, करतो" म्हणेपर्यंत फोन कट झाला होता.

तो फोन कानाला लावून तसाच उभा राहिला. पलीकडे, भिंतीच्या वरून, भांडी घासल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

पुढे ते दोघं शिकले. केसरीनाथ काय सांगायचं ते दूध घालताना पाठ करायचा, लूमच्या खडखडीत मोठ्याने म्हणून बघायचा, तिथे ऐकायला कोण होतं! पार्वती आधी नावं घेऊन एकेकाची खुशाली विचारायची, मग निरोप सांगायची, शेवटी उगाच काहीतरी विचारायची, म्हणजे वेळ संपताना मधे वाक्य तुटलं तरी चालेल. प्रत्येक फोनमध्ये एकदा ती आवाज बारीक करून विचारायची, "चंद्राबाय कशी हाय?" आणि केसरीनाथ भिंतीकडे बघून म्हणायचा, "बरी हाय." त्यापलीकडे त्याला ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडे त्या वेळी हमखास शांतता असायची.

फोननंतरचे दोन दिवस तो हलका असायचा. तिसऱ्या दिवसापासून वाट पाहणं पुन्हा सुरू. रात्री पडल्या पडल्या तो तिचा आवाज आठवायचा प्रयत्न करी. शब्द आठवायचे, आवाज नाही. चेहरा डोळ्यांपुढे आणता येतो, पण आवाज कानापुढे आणता येत नाही, हे त्याला फार वाईट वाटायचं.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात निजामपुऱ्यात गुडघाभर पाणी भरलं आणि त्याची मोटरसायकल बंद पडली. कॅन तसेच अडकवलेली गाडी ढकलत तो मेकॅनिककडे गेला. मनात एकच. आज येईल, आजच येईल. घरी पोचला तेव्हा दुपार कलली होती. अंगण ओलांडतो तो चंद्रा ओट्यावर उभी.

"भावजी," ती म्हणाली.

त्याचे पाय जागीच थांबले. पाच वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती.

"फोन आयलता. वाजला, वाजला, बंद झाला. परत वाजला. मना र्‍हावला न्हाय. दार नुसता लोटलेला व्हता, मी आत गेली आनि उचलला." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती बाई म्हनाली, कोन तुमी. मी म्हटला, शेजारीन. ते भिवंडीस गेलेत, पावसात अडकलेत. ती म्हनाली, दुसऱ्याला बोलता येत न्हाय, ठेवा फोन. मी ठेवनारच व्हती. पन तिच्या मागशी..."

"काय?"

"ती व्हती मागं. म्हनत व्हती, 'चंद्राबाय हाय का? मॅडम, चंद्राबाय हाय का ती?' मग कट झाला."

केसरीनाथने तोंडावरचं पावसाचं पाणी पुसलं.

"खोकते ती," चंद्रा म्हणाली. "लय खोकते. तुमाला सांगितला का तिना? न्हाय सांगनार. तिना कवा सांगितला न्हाय. कुंडात उतरली तरी तिचा खोकला जात न्हवता." आणि ती वळून आत गेली.

नंबर ज्याचा त्यानेच बोलायचं, हा नियम मोडला गेला होता. महिना गेला, फोन आला नाही. दुसराही गेला. धम्मपालने अर्ज लिहून दिला की, शेजारणीने केवळ निरोप घेतला, फोनचा मालक पावसात अडकला होता, पुन्हा असं होणार नाही. केसरीनाथ या काळात दुपारी घर सोडून हालला नाही. दूध कोंडूच्या हाती पाठवू लागला. पुण्याला मुलाकातीला गेला तेव्हा जाळीतून ओरडून खोकल्याचं विचारलं. पार्वतीने कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून. ऐकू आलं होतं, तिच्या डोळ्यांवरून त्याला कळलं.

नवरात्रात फोन पुन्हा सुरू झाला. नाव, नातं झालं आणि ती पहिल्यांदाच काही विचारायच्या आधी म्हणाली, "त्या दिशी ती व्हती ना?"

"व्हती."

"तिनाच उचलला?"

"तिनाच. तू खोकतेस म्हनाली."

यानंतर पार्वती बोललीच नाही. करडा आवाज म्हणाला, "बाई, बोला, टाइम जातोय." ती तरी गप्प. तिच्या श्वासात बारीक घरघर होती, ती केसरीनाथ ऐकत राहिला. भिंतीपलीकडे कुणीतरी पाट सरकवला. पाच मिनिटं तशीच संपली, आणि त्याला ती वाया गेली असं अजिबात वाटलं नाही.

चांगल्या वागणुकीची सूट धरून तिची सुटका दोन हजार नऊच्या माघात ठरली. शेवटचा फोन आला तो सुटकेच्या काही दिवस आधी. केसरीनाथने पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून विचारलं, "गाडी करून येऊ का एसटीनं जायचं?"

"मी दिघाशीला न्हाय येनार," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"तिच्या दारावरशी कशी जाऊ मी? ओटा एक हाय आपला. त्या ओट्यावर..." "केसचं नको," करडा आवाज म्हणाला, पण या वेळी तो तितका करडा नव्हता. पार्वती थांबली आणि पुन्हा बोलली, "निजामपुऱ्यात येखादी खोली बघा. न्हायतर मी कुठं तरी र्‍हाईन. तुमी गावात र्‍हावा, मशी हायेत."

"अगो, खोली कसली? असा काय बोलतेस? मंग मी इतकी वर्सं..." त्याचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भरपूर बोलायचं होतं. "तू न्हाय आली तं मी त्या घरात काय करू? पारू, ऐक..."

फोन कट झाला होता.

त्याने डब्यावर हात आपटला. आणि मग त्याला आठवलं की आता उलटा फोन करता येत नाही. पुढचा फोन यायच्या आत ती बाहेर येणार होती.

संध्याकाळी तो म्हशींना वैरण टाकत होता. चंद्रा गोठ्याच्या दाराशी आली. भिंतीवरून तिला त्याचीच बाजू ऐकू आली होती, पण दुसरी बाजू तिने जुळवली होती.

"खोली बगू नका," ती म्हणाली.

केसरीनाथने वैरण खाली ठेवली.

"माझा मानूस गेला. तो काय परत येत न्हाय. मी तिला माफ केली असा कोनी समजू नका, मना ते जमत न्हाय, मी परयत्न करून बगला." ती एकेक शब्द ठेवल्यासारखी बोलत होती. "पन ती फोनवर माझा इचारते ते मना कळतं. इकडशी तुमी 'बरी हाय' म्हनता. मी बरी न्हाय, भावजी. माझ्याशी बोलनारी ती येकच व्हती. तिला सांगा, मागल्या दारानं चोरासारखी येऊ नको. फुडल्या दारानं ये."

"सांगू कसा? मना फोन करता येत न्हाय."

"मंग जाऊन सांगा," चंद्रा म्हणाली.

सुटकेच्या दिवशी केसरीनाथ उजाडायच्या आत जेलच्या दाराशी होता. पार्वती बाहेर आली ती हातात पिशवी घेऊन, केस पांढरे झालेले, उन्हाला डोळे बारीक करत. इतक्या वर्षांत मधे काहीच नसताना ती त्याला पहिल्यांदा दिसली. जवळ येऊन ती म्हणाली, "खोली बगितली का?"

त्याने निरोप सांगितला. चंद्रा जसं बोलली तसं, माफीचं वाक्यही न वगळता. पार्वती फुटपाथवरच खाली बसली.

"ती असा बोलली? बरी न्हाय म्हनाली?"

"हां."

"आनि तुमी इतके दिस मना सांगत व्हता बरी हाय."

"मना ठावूकच न्हवता."

ती बराच वेळ बसून राहिली. एक रिक्षावाला "स्टेशन? स्टेशन?" करत दोनदा घुटमळून गेला. मग तिने त्याच्यापुढे हात केला. त्याने धरून तिला उठवलं.

दिघाशीत ते पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. लोक दारांत येऊन बघत होते. चंद्रा ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. पार्वती अंगणात थांबली. ओट्याच्या त्या दगडाकडे तिने पाहिलं नाही, चंद्राकडेही नाही. चंद्राने मान वर केली नाही. नुसतं सूप मांडीवर ओढून घेतलं आणि पाय आखडून वाट मोकळी केली. पार्वती तिच्या बाजूने, पदर सावरून, पुढल्या दाराने घरात गेली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मितेश वेगळं घर बांधून भिवंडीला निघून गेला आणि काकू घरात असताना कधी आला नाही. दोघी जावा पूर्वीसारख्या हसल्या नाहीत. पण सकाळी विहिरीवर दोघींच्या बादल्या एका वेळी दिसायला लागल्या, आणि पार्वती खोकली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "काढा केलाय. घेऊन जा."

पार्वती आता घरात फार बोलत नव्हती. जेलमध्ये बोलणं मोजून वापरायची सवय तिला लागली होती, ती सुटेना. बोलायचं काम हळूहळू केसरीनाथकडे आलं. निजामपुऱ्यात कोण काय म्हणालं, कुठला कारखाना बंद पडला, रुचिकाच्या सासरी आता कसं नरम वारं वाहतंय, हे तो जेवताना सांगायचा. ती भाकरी मोडत ऐकायची. कधी सांगता सांगता तो थांबला की मान वर करून म्हणायची, "मंग?"

आणि तो पुढचं सांगायला लागायचा.